खाचरातली चाकोरी

आम्ही मुलुंडचे. डोंगर आमच्या खिडकीतून दिसतो, पण थंडी मात्र आमच्याकडे पाहुणीसारखी येते. दोन दिवस राहते नि जाते. म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही पाच जण भंडारदऱ्यास निघालो. मी, आमची मंडळी, मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. गाडी मुलाची, नवी, जीपच्या जातीची; चारही चाकांना जोर देणारी.

ही जीप आपल्याला परकी नाही. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकन फौजेसाठी तयार झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्रांनी तिचे सुटे भाग आणवून मुंबईतच जोडायला सुरुवात केली, आणि पुढे आमच्या उपनगरांत, कांदिवलीस, त्यांचा मोठा कारखाना झाला. तुमच्या गावात पहिल्यांदा आलेले साहेब बहुधा जीपमधूनच उतरले असतील!

तिची करामत ती काय? साध्या गाडीत इंजिनचा जोर दोनच चाकांना मिळतो. त्यांतले एक चिखलात घसरले, की जोर त्याच चाकाकडे धावतो. ते गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. बैलजोडीतला एक बैल बसला की गाडा अडतो, तसेच. जीपमध्ये पुढच्या चाकांनाही जोर देता येतो, म्हणून ती चिखलातून, दगडांतून निघते. पण एक लक्षात ठेवा: थांबायच्या वेळी ह्या जोराचा काही उपयोग नसतो. ब्रेक साध्या गाडीचेही चारही चाकांना असतात. कसारा घाटात धुके दाट होते, पुढच्या ट्रकचा लाल दिवा दहा-बारा हातांवर आल्यावर दिसला. तिथे वेग कमी ठेवला होता म्हणून निभावले, गाडीच्या किमतीमुळे नव्हे.

घोटीहून वळलो. उजाडताना कळसूबाई दिसली, १६४६ मीटरांची, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. गवतावर दहिवर पडले होते. नातीने विचारले, "आजोबा, वर सूर्य जवळ, मग थंडी जास्त का?" शिक्षक मंडळींना हा प्रश्न ओळखीचा असेल. हवा तापते ती मुख्यतः जमिनीकडून, आणि वर जावे तशी ती विरळ होत जाते; हजार मीटर चढले की साधारण सहा-साडेसहा अंशांनी गारवा वाढतो. शिवाय निरभ्र रात्री जमिनीतली ऊब आकाशात निघून जाते, आणि गार हवा जड म्हणून दरीत उतरून साचते. तळ्याकाठच्या गावात कधी कधी डोंगरावरच्यापेक्षाही अधिक कुडकुडायला होते ते यामुळे.

प्रवरेवरचे विल्सन धरण पाहिले, १९१० ते १९२६ या काळात बांधलेले. मग पाणी उजवीकडे-डावीकडे घेत रतनवाडीच्या बाजूस गेलो. अमृतेश्वराचे काळ्या दगडातले मंदिर शांतपणे पाहावे असे आहे. पण मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

रस्त्यालगत खाचरे होती. भात कापून झालेले, धसकटे तेवढी उभी. पलीकडे पाणी चमकत होते. मुलगा म्हणाला, "रिकामंच आहे. गाडीची परीक्षा घेऊ." मी नको म्हणालो नाही, हे कबूल करतो. गाडी बांधावर चढली, बांध ढासळला, आणि आम्ही खाचराच्या मध्यावर गेलो. सुनेने टाळीसुद्धा वाजवली.

एक म्हातारे गृहस्थ धावत आले. ओरडले नाहीत. चाकाशी उकिडवे बसले आणि बोटाने माती बाजूला केली. खाली इवलीशी हिरवी पाने चेपलेली. "इथं हरभरा हाय, दादा," ते म्हणाले. "आठ दिस झालं उगवून."

तुम्हाला सांगायला नको की हा हरभरा भातामागच्या ओलीवर येतो. त्याला पाट नाही, विहीर नाही. ओलसर मातीवर दीड-पावणेदोन टनांची गाडी फिरली की माती दाबून घट्ट होते, मुळांना वाट राहत नाही. मुंबईकराला धसकटे दिसतात, त्यांच्यामधले पीक दिसत नाही. मी तर चाळीस वर्षे मुलांना शिकवले, आणि मलाही दिसले नाही.

मुलाने गाडी वळवायला घेतली. म्हातारबाबांनी हात आडवा केला. "वळवू नका. आलात त्याच चाकोरीनं मागं जा." वळवली असती तर आणखी चार वाफे गेले असते. तशीच उलटी, इंच-इंच, मागे काढली.

मुलाने पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या. ते म्हणाले, "आधी बांध घालून द्या." कुदळ त्यांची, हात आमचे. दगड रचून माती चोपायला तासभर लागला. मुलाच्या तळहाताला फोड आले. मग त्यांनी बियाण्यापुरती रक्कम सांगितली, एक नोट ठेवून घेतली, वरचे सुटे पैसे घरून आणून दिले आणि वर चहा पाजला. चहा पिताना आमच्यापैकी कोणी फारसे बोलले नाही.

नात मात्र खाचराकडे परत गेली होती. चाकाखाली आलेली रोपे तिने मोजली: एकशे त्रेचाळीस. वाकलेली काही उभी राहतील, असे म्हातारबाबा तिला म्हणाले, आणि फेब्रुवारीअखेर हरभरा उपटायला येतेस का, असेही त्यांनी विचारले. तेव्हापासून ती आमच्याकडे रोज तारीख विचारते.