हेगचा निवाडा

१९१० च्या १३ मार्चला विनायक दामोदर सावरकर लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले. १८८१ च्या एका कायद्यान्वयें त्यांची हिंदुस्थानांत रवानगी व्हावयाची होती. ब्रिक्स्टनच्या तुरुंगांत जूनपर्यंत अर्ज झाले, अपिलें झालीं. फळास एकही आलें नाहीं. १ जुलैला ‘मोरिया’ बोट त्यांना घेऊन निघाली. ८ जुलैला मार्सेय बंदरांत त्यांनीं झरोक्यांतून उडी टाकली व फ्रेंच किनारा गांठला. फ्रेंच शिपायानेंच त्यांना धरून परत बोटीवर पोंचविलें!

फ्रान्सनें कैदी परत मागितला. ऑक्टोबरांत दोन्ही सरकारांनीं हेगच्या लवादाचा करार केला. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न, तो मात्र त्यांत पक्षकार नव्हता. मुंबईच्या न्यायालयानें तरी निवाड्याची वाट पाहावी? तेंही नाहीं. २३ डिसेंबरला एक जन्मठेप, ३० जानेवारीला दुसरी. त्यानंतर, १९११ च्या २४ फेब्रुवारीला, पांच पंचांनीं सांगितलें: कैदी स्वाधीन करण्यांत अनियमितपणा घडला खरा, परंतु इंग्रजांनीं कपट वा बळजबरी केलेली नाहीं, सबब कैदी परत करण्याचें बंधन त्यांच्यावर नाहीं. चूक फ्रेंच शिपायाची, आणि ती भोगावयाची सावरकरांनीं. ४ जुलैला ते अंदमानांत उतरले.