बावट्यापुढची सूचना



मालवण बंदरावर तीन क्रमांकाचा बावटा लागला की होड्या किनाऱ्याला येतात. हा इशारा डोळ्यांसाठी असल्याने कर्णबधिर बांधवालाही तो कळतो. परंतु वादळ केव्हा येणार, कोणत्या वाडीने घरे सोडायची, निवारा कोणत्या शाळेत, ही पुढची माहिती ध्वनिक्षेपकावरून आणि आकाशवाणीवरून येते. ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. २००९चे फयान, २०१९चे क्यार व २०२१चे तौक्ते अनुभवलेल्या या किनाऱ्यावर हा प्रश्न जीवनमरणाचा आहे.

लेखी सूचना हा सहज सुचणारा उपाय. पण तो पुरेसा नाही. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांना मराठी कानाने लाभलेली नसते. ती त्यांना परक्या भाषेसारखी शिकावी लागते. सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांनी केलेली मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे आणि त्यात चेहऱ्यावरील भावांनाही अर्थ आहे. म्हणूनच सूचना चित्रफितीतून द्यावयास हवी. दुभाषी कोपऱ्यातील ठिपक्याएवढा नसावा, त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश असावा, पार्श्वभूमी साधी असावी, खाली सोप्या मराठीत ओळी असाव्यात. आणि प्रसृत करण्यापूर्वी ती एखाद्या कर्णबधिर व्यक्तीकडून तपासून घ्यावी.

ही कोणाची कृपा नव्हे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६च्या कलम ८नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवावयाची असून धोक्याची माहिती त्यांना पोहोचवावयाची आहे. साधनेही हाताशी आहेत. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१पर्यंत १० हजार संज्ञा आल्या. मुंबईत वांद्रे येथे १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे.

तौक्तेच्या वेळी जिल्ह्यात वीज खंडित झाली होती. अशा वेळी चित्रफीत पाठवून उपयोग काय? निवारा, औषधे, कागदपत्रे यांविषयीच्या कायमस्वरूपी सूचना पावसाळ्यापूर्वीच प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत असल्या पाहिजेत, आणि ऐन प्रसंगी दार वाजवून नव्हे, तर समोर जाऊन सांगणारा शेजारी ठरलेला असला पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या वाडीतील कर्णबधिरांची घरे माहीत करून घ्यावीत, त्यांची नोंद झाली आहे का हे पाहावे आणि ग्रामसभेत चित्रफितीची मागणी करावी. घरातील मुलांनी दहा खुणा शिकल्या, तरी आरंभ झाला. संकटात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचवणे हे समाजाचे कर्तव्य आहे. मग तो शब्द हातांनी बोलावा लागला तरी!