मूळ आवाज कोणता?

नव्या गायकाने 'गीतरामायण' गायले, की 'बाबूजींची सर नाही' हा उद्गार सभागृहात उमटतोच. मात्र १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ही मालिका सुरू झाली, तेव्हा ती एकट्या सुधीर फडके यांच्या कंठातली नव्हती. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांनी ग. दि. माडगूळकरांची पात्रे आपापल्या स्वरांत उभी केली. सर्व ५६ गीते बाबूजी एकटे गाऊ लागले, ते नंतर. म्हणजे घरोघरी मूळ म्हणून जपलेले गायन, निदान त्यांतील बऱ्याच गीतांपुरते, पुनर्गायनच!

सीतेचा विलाप पुरुषाच्या कंठातून आला, तरी तो खटकला नाही. स्त्रीस्वराची नक्कल न करता बाबूजींनी शब्दाचा अर्थ स्वरात उतरवला. नव्या गायकाची परीक्षा येथेच व्हावी. बाबूजींची हुबेहूब नक्कल फार तर स्पर्धेत बक्षीस मिळवून देते. वाद्यांच्या गदारोळात आणि तानांच्या हौसेत अक्षरच बुडाले, तर राम वनवासाला निघाला की विवाहाला, हेही कळत नाही.

इतर भारतीय भाषांतील अनुवादही याच चालींवर गायले गेले. तेथे बाबूजींचा आवाज नाही, माडगूळकरांचे मराठी शब्दही नाहीत. चाल तेवढी तीच आहे.