हात कोणाचा, दोष कोणाचा?



३० ऑगस्ट १७७३ रोजी भर दुपारी गारद्यांची टोळी शनिवारवाड्यात घुसली आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. दिवस गणेशोत्सवाचे होते. शस्त्र चालविणारे हात सुमेरसिंह गारदी आणि त्याच्या साथीदारांचे. रघुनाथरावांनी स्वतः शस्त्र उचलले नव्हते. त्यांच्या आज्ञापत्रात ‘धरावे’ असा शब्द होता, वाटेत कोणी तरी ‘ध’चा ‘मा’ केला, असे परंपरा सांगते. आनंदीबाईंवरील तो आळ इतिहासाच्या कसोटीला निर्विवादपणे उतरलेला नाही, हे येथेच नोंदविले पाहिजे. निर्विवाद आहे ते एवढेच, की न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, सुमेरसिंहाच्या नावापाशी ते थांबले नाहीत आणि खुद्द सत्ताधीशाला दोषी ठरवून पुण्यातून चालते झाले.

रामशास्त्र्यांचा निर्भयपणा शालेय पाठ्यपुस्तकांनी घरोघरी नेला. त्यांच्या निर्णयामागे असलेल्या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. समजा, मूळ शब्द खरोखरच ‘धरावे’ असा होता. मग रघुनाथराव खुनाचे अपराधी ठरतात काय?

आजच्या फौजदारी कायद्यात या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते विचार करायला लावणारे आहे. मेकॉलेचे शिक्षणविषयक टिपण आपल्याकडे पुष्कळ गाजते. त्याच्याच आयोगाने १८३७ साली तयार केलेला दंडसंहितेचा मसुदा तितका चर्चेत येत नाही. तो मसुदा १८६० साली कायदा झाला, १८६२ पासून अमलात आला आणि १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता येईपर्यंत टिकला. त्यातील अपप्रेरणेचे कलम असे आहे, की चिथावणी एका कृत्याची दिली आणि घडले दुसरेच, तरी घडलेले कृत्य हा त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल, तर चिथावणी देणारा त्यालाही जबाबदार. कायद्याने दिलेले उदाहरणही बोलके आहे. मध्यरात्री राहत्या घरात शिरून दरोडा घालण्यासाठी एकाने दोघांना शस्त्रे पुरविली. घरातल्या माणसाने प्रतिकार केला आणि त्या दोघांनी त्याला ठार मारले. शस्त्रे पुरविणाऱ्याने ‘मारा’ असे म्हटले नव्हते. तरीही तो खून संभाव्य परिणाम असेल, तर खुनाची शिक्षा त्यालाही. नव्या संहितेनेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. पगार थकलेल्या सशस्त्र गारद्यांना पेशव्याच्या अंगावर सोडल्यावर पुढे काय होऊ शकते, हे कळण्यासाठी ज्योतिषी लागत नाही. ‘धरावे’ हा शब्द खरा मानला तरी रघुनाथराव सुटत नाहीत.

येथे फौजदारी कायद्याच्या पायाशी जावे लागते. नुसते कृत्य म्हणजे अपराध नव्हे. कृत्याच्या मागे दोषी मन असावे लागते. शेतावर लाकूड तोडणाऱ्याच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले आणि शेजारी उभा असलेला माणूस दगावला. तोडणाऱ्याने योग्य ती काळजी घेतली असेल, तर कायदा त्याला अपराधी म्हणत नाही. मात्र पाते खिळखिळे आहे हे ठाऊक असूनही त्याने घाव घातला असेल, तर प्रश्न निराळा होतो. आणि त्या माणसाचा काटा काढायचा म्हणूनच कुऱ्हाड उचलली असेल, तर तो खून. तिन्ही वेळी कुऱ्हाड तीच आणि प्रेतही तेच. फरक आहे तो मनाचा. हेतू, जाणीव आणि हयगय अशा या पायऱ्या आहेत आणि शिक्षेचे वजन त्या पायऱ्यांवर ठरते.

या विचाराची मुळे केवळ लंडनमध्ये शोधण्याचे कारण नाही. महाभारताच्या आदिपर्वात अणिमांडव्याची कथा आहे. चोर लुटीचा माल घेऊन त्याच्या आश्रमात दडले. ऋषी मौनव्रतात होता, त्याने शिपायांना उत्तर दिले नाही. राजाने त्यालाही चोरांबरोबर सुळी दिले. सुळावरही तो जिवंत राहिला. पुढे त्याने प्रत्यक्ष धर्माला जाब विचारला, की हे कोणत्या पापाचे फळ? बालपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस, असे धर्म म्हणाला. तेव्हा मांडव्याने धर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या बालकाचे कृत्य पाप धरले जाणार नाही, अशी मर्यादा घालून दिली. त्या शापाने धर्म विदुर होऊन जन्माला आला. देवालाही अन्यायाचे उत्तर द्यावे लागले!

या एका कथेत दोन तत्त्वे आहेत. ज्याला समज नाही, त्याला दोष नाही. दंडसंहितेने सात वर्षांखालील बालकाला पूर्णपणे वगळले आहे आणि सात ते बारा या वयात त्याची समज किती परिपक्व आहे, हे पाहायला सांगितले आहे. दुसरे तत्त्व असे, की केवळ चोरांच्या जवळ सापडला म्हणून कोणी चोर होत नाही. राजाची चूक झाली ती येथे. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. १९२३ साली कोलकात्याच्या शांकारीटोला टपाल कचेरीत पोस्टमास्तरचा गोळी घालून खून झाला. गोळी आपण झाडली नाही, आपण बाहेर उभे होतो, असा बचाव बारेंद्रकुमार घोष या आरोपीने केला. प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. कट सर्वांचा असेल, तर पहाऱ्यावरचाही त्यात सहभागी. म्हणजे मांडव्य आणि घोष दोघेही ‘जवळ’ होते. एकाच्या मनात चोरी नव्हती, दुसऱ्याच्या मनात लूट होती. हा फरक पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोग पक्षाची, आणि वाजवी संशयाला जागा उरली तर त्याचा फायदा आरोपीला. जनक्षोभ कितीही तीव्र असला, तरी हा नियम सैल करता येत नाही. तो सैल झाला की मांडव्य पुन्हा सुळावर चढतो.

मात्र या तत्त्वाचाच आधार घेऊन वरच्या पायरीवरचा माणूस निसटतो, तेव्हा काय करायचे? स्वतंत्र भारतात या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा भोपाळमध्ये झाली.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. शासकीय आकडेवारीनेही मृतांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली आहे. अमेरिकेतील मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळमध्ये आले, अटक झाली, जामीन मिळाला आणि ते मायदेशी परतले. पुन्हा ते कधीही भारतीय न्यायालयासमोर उभे राहिले नाहीत. १९८७ साली सीबीआयने सदोष मनुष्यवधाचे आरोपपत्र दाखल केले. या कलमात दहा वर्षांपर्यंत कारावास होता, पण त्यासाठी ‘मृत्यू घडण्याचा संभव आहे, याची जाणीव’ दाखवावी लागते. १३ सप्टेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की त्या रात्री कारखाना चालविताना मृत्यू घडेल अशी जाणीव या आरोपींना होती, असे सादर केलेल्या सामग्रीवरून दिसत नाही. आरोप हयगयीच्या कलमावर उतरला. कमाल शिक्षा दोन वर्षे.

७ जून २०१० रोजी, म्हणजे साडेपंचवीस वर्षांनंतर, निकाल लागला. भारतीय कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष केशुब महिंद्र यांच्यासह हयात असलेले सात जण दोषी ठरले, दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी सर्वांना जामीन मिळाला. देशभर संताप उसळला. १९९६ चा आदेश फिरविण्यासाठी सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली. इतकी वर्षे थांबण्याचे समाधानकारक कारण दिलेले नाही, असे सांगून ११ मे २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. त्याच वेळी न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत फारशी आली नाही. १९९६ चा निर्णय तेव्हाच्या सामग्रीपुरता होता. खटल्यात जाणिवेचा पुरावा पुढे आला असता, तर आरोप बदलण्याचा अधिकार खालच्या न्यायालयाला होताच. दोष एकट्या कायद्याच्या शब्दांचा नव्हता. टाकीची शीतकरण यंत्रणा बंद आहे, हे कोणाला ठाऊक होते, ती बंद ठेवण्याचा निर्णय कोणत्या टेबलावर झाला, हे कागदोपत्री वरपर्यंत नेऊन भिडविणारा तपास हवा होता. रामशास्त्र्यांनी गारद्यांपासून वाड्याच्या दिवाणखान्यापर्यंत जो प्रवास केला, तो येथे मध्येच थांबला.

कंपनीची गोष्ट तर आणखी अवघड. तिला मन नाही आणि तुरुंगात घालता येईल असे शरीरही नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कारावास अनिवार्य असलेल्या अपराधातही कंपनीवर खटला चालतो, दंड करता येतो. २०१० साली हेही ठरले, की कंपनीचा कारभार ज्यांच्या हाती आहे, त्यांचे मन तेच कंपनीचे मन. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. पण भोपाळच्या निकालात भारतीय कंपनीला झालेला दंड जेमतेम पाच लाख रुपयांचा होता.

नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ ने हयगयीमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षे केली आहे. भोपाळच्या आरोपींना ती लागू होऊ शकत नाही. कृत्य घडले तेव्हा जी शिक्षा होती, तीहून अधिक देता येत नाही, असे राज्यघटनेचे विसावे कलम सांगते, आणि तेही मांडव्याच्याच पंक्तीतले तत्त्व आहे. अँडरसन २०१४ साली अमेरिकेत वारले, महिंद्र २०२३ साली मुंबईत.