वजनकाटा आणि चालणं
(कुवेतमधील आमच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, त्यामुळे बैठक संपली की कुणीतरी हमखास आपला रिपोर्ट पुढे करतं. आधीच सांगतो, मी पीएचडीवाला डॉक्टर आहे, औषध लिहून देणारा नव्हे.

गेल्या हिवाळ्यात आपल्यातल्या एका मित्राने रोज 45 मिनिटं चालायला सुरुवात केली. तीन महिने नेमाने चालला. वजन घटलं दीड किलो! वैतागून त्याने बूट कपाटात टाकले. "एवढी तंगडतोड करून मिळालं काय?" हा त्याचा प्रश्न.

हिशेब करू या. 70 किलोचा माणूस 5 किलोमीटर चालला की साधारण 250 कॅलरी खर्च होतात. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. म्हणजे महिनाभर रोज चालून जेमतेम एक किलो, तेही खाणं अजिबात वाढलं नाही तर. घरी येऊन दोन बटाटेवडे खाल्ले की त्या दिवसाचा हिशेब मिटला. वजन उतरवायचं असेल तर आधी ताटाकडे बघावं लागतं. मित्राचे पाय काही कमी पडले नव्हते.

आता माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वी माझं वजन 62 किलो होतं. सगळे म्हणायचे, तुला काय, तू तर सडपातळ! कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर निघाली 116. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. मी आधी प्रयोगशाळेवरच संशय घेतला. पुन्हा तपासली, तेवढीच.

याचं उत्तर पुण्यातच होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे काट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपण भारतीय असे दिसायला बारीक आणि आतून जाड. त्यामुळे काटा आपल्याला दोन्हीकडून फसवतो. बारीक माणसाला निर्धास्त करतो आणि चालणाऱ्याला निराश.

आणि चालून काय मिळतं? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने माझ्यासारख्याच उंबरठ्यावरच्या 531 भारतीयांवर अभ्यास केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. रोज किमान अर्धा तास चालणं आणि आहारात बदल हे ज्यांच्याकडून करवून घेतलं, त्यांच्यात 39 टक्के. गंमत म्हणजे या दुसऱ्या गटाचं वजन फारसं घटलंच नव्हतं! आहाराची जोड होती, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देता येणार नाही. पण चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतात, हे पक्कं ठाऊक आहे. काट्यावर ते कसं दिसणार?

कुवेतमध्ये चालायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. 2016 च्या जुलैत मित्रिबा इथे 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं. उन्हाळ्यात मी ॲव्हेन्यूज मॉलमध्ये चालतो, पाकीट गाडीत ठेवून. तेही नको असेल तर जेवणानंतर इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये 15 मिनिटं. पण खरी अडचण उन्हाची नाही. शंभर पावलांवरच्या बकालातून आपण दुधाची पिशवी फोन करून मागवतो, गाडी हारिस धुतो. बाहेरचं काम जून ते ऑगस्ट 11 ते 4 बंद ठेवण्याचा नियम आहे, तो मजुरांसाठी. आपण मात्र बाराही महिने तो पाळतो.

आणि पुरुषांना एक सांगायचंय. "बायकोला घरकामाचा व्यायाम होतोच की" असं म्हणत आपण संध्याकाळी बाहेर पडतो. तिचीही दिवसभर नोकरी झालेली असते, आणि ओट्यापाशी उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. मधुमेह तिलाही होतो. आठवड्यातून तीन दिवस कुकर आपण लावला तर तिला अर्धा तास मिळेल. आमच्याकडे हे सुरू होऊन वर्ष झालं. भात दोनदा करपला.

माझी साखर आता 101 आहे. वजन 61. तो मित्र आज इथेच बसलाय, त्याचे प्रश्न आधी घेऊ.