पेतीत रिव्हियेरची गुहा



जुन्या जागा पाहत फिरताना आम्ही पेतीत रिव्हियेरच्या गुहेत जाऊन आलो. डोंगर चढायचा नाही, दोर लागत नाही. हातात बॅटरी आणि पायांत जाड तळाचे बूट असले की झाले.

ही गुहा कोणी खोदलेली नाही. ज्वालामुखीचा रस वाहताना वरून थिजला, आतला पुढे निघून गेला आणि मागे पोकळ नळी राहिली. आपल्या मुलखातला, सह्याद्रीचा काळा कातळही लाव्हाचाच. पण तो साडेसहा कोटी वर्षांचा, इथला त्याच्यापुढे कालचा. हाच दगड आपल्या आजे-पणजोबांनी उसाच्या शेतांतून उचलून ढीग रचले. दगडाखाली सोने आहे असे सांगून त्यांना बोटीत बसवले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो.

आत काळोखात पाकोळ्या टकटक आवाज करीत फिरतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. लोक त्यांची घरटी काढून नेतात, हे वाईट आहे.

कप्तान फ्लिंडर्स 1803 पासून 1810 पर्यंत या बेटावर फ्रेंचांच्या कैदेत होते. प्लेन विल्हेम्सच्या गुहांविषयी लिहिताना, एकीत पळालेले गुलाम राहत होते, अशी हकीगत त्यांनी दिली आहे. अशा गुलामांना 'मारोन' म्हणत.

आमच्यातले काही म्हणाले, ही कथा गुलामांची, आपली नव्हे, स्मरणिकेत कशाला? आम्हांला ते पटले नाही. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामी उठली, पण मळेवाल्यांनी तो शब्द टाकला नाही. कामावरून निघून गेलेला आपला माणूसही त्यांच्या लेखी मारोनच. एक दिवस गैरहजेरी, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. 1867 च्या कायद्यानंतर तर करार पुरा केलेल्या मजुरालाही फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. ते नसले की पोलीस 'भटक्या' म्हणून धरून नेत. लपायला जागा त्यालाही हवी होतीच.

पुढच्या खेपेस मुलांना नेऊ. आत गलका करू नये, पाकोळ्या बिथरतात. लोक अशा गुहांच्या तोंडाशी कचरा टाकतात, तेव्हा दोन पोती बरोबर घ्या. आणि कोणाच्या घरच्या पेटीत तसले जुने तिकीट असेल, तर ते मंडळींना दाखवायला जरूर आणा.