हुकूम कोणाचा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनासारख्या मंगल प्रसंगी खुनाचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. पण आज मला सुऱ्याविषयी किंवा विषाविषयी बोलावयाचे नाही. सुरा चालवणारा हात सापडतो. त्या हाताला हुकूम कोणी दिला हे मात्र सहसा सापडत नाही. ते शोधताना माणसे कशी चुकतात, आणि त्या चुकीची किंमत कोणाला मोजावी लागते, हा माझा विषय आहे. त्यासाठी आपल्या मुलानातवंडांच्या आवडीची एक कथामाला मी घेतली आहे.

अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही ती कथामाला. तिचा पहिला खंड ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ साली निघाला, पाचवा २०११ साली. सात खंड योजलेले आहेत. याच कथेवरून २०११ ते २०१९ या काळात दूरदर्शन-मालिका झाली आणि जगभर गाजली. कथेत ड्रॅगन आहेत, जादू आहे, बर्फाळ सीमेपलीकडची भुते आहेत. पण भगिनींनो, त्या साऱ्या प्रचंड पसाऱ्यातले पहिले महायुद्ध ड्रॅगनमुळे पेटत नाही. ते पेटते एका पत्रामुळे आणि एका कट्यारीमुळे. आणि ही दोन्ही एका आईच्या हाती येतात.

प्रथम नाती सांगते, म्हणजे घोटाळा होणार नाही. वेस्टेरॉस नावाच्या देशात रॉबर्ट राजा राज्य करतो. त्याचा मुख्य प्रधान जॉन अ‍ॅरिन. आपल्याकडील पेशव्यांसारखे ते पद समजावे: नाव राजाचे, कारभार प्रधानाचा. प्रधानाची बायको लायसा. लायसाची थोरली बहीण कॅटलिन उत्तरेकडील विंटरफेलच्या सरदाराला, नेड स्टार्कला दिलेली. राजाची राणी सर्सी ही लॅनिस्टर घराण्यातली. जेमी आणि टिरियन हे तिचे दोघे भाऊ.

कथेच्या आरंभीच प्रधान जॉन अ‍ॅरिन अकस्मात आजारी पडून मरतो. राजा नव्या प्रधानाच्या शोधात आपला जुना मित्र नेड याच्याकडे विंटरफेलला येतो. त्याच सुमारास कॅटलिनला बहिणीचे गुप्त पत्र मिळते. दोघी लहानपणी आपसांत एक सांकेतिक भाषा बोलत, त्या भाषेत लिहिलेले. मजकूर असा की, माझ्या पतीला लॅनिस्टरांनी मारले, राणीने मारले. कॅटलिन पत्र वाचते आणि लगेच जाळून टाकते. पुढे नवऱ्याने प्रधानपद घ्यावे म्हणून ती त्याला गळ घालते, ती या पत्राच्या जोरावर.

या पत्रात पुरावा काय होता? बहिणीचे अक्षर, आणि माहेरची भाषा. बाकी काही नाही. पण माहेरच्या भाषेत आलेला शब्द आपण बायका कधी पारखून घेतो का?

यानंतर दुसरा घाव बसतो. कॅटलिनचा सात वर्षांचा मुलगा ब्रॅन याला भिंतींवर चढण्याचा नाद असतो. एका ओसाड बुरुजात राणी आणि तिचा भाऊ जेमी यांचे पापी संबंध त्याच्या नजरेस पडतात, आणि जेमी त्याला खिडकीतून खाली ढकलतो. मूल मरत नाही, बेशुद्ध पडून राहते. राजाचा लवाजमा राजधानीकडे निघून गेल्यावर एका रात्री ग्रंथालयाला आग लागते, सारे तिकडे धावतात, आणि एक फाटका माणूस कट्यार घेऊन मुलाच्या खोलीत शिरतो. आई उशाशी बसलेली असते. ती नुसत्या हातांनी ते पाते धरते; तिची बोटे कापली जातात. इतक्यात मुलाचा पाळीव लांडगा त्या माणसाला ठार करतो. तो माणूस तबेल्यात लपलेला होता, आणि तेथे चांदीची नव्वद नाणी सापडतात. कट्यार मात्र असते अतिमोलाची: व्हॅलिरियन पोलादाचे पाते आणि ड्रॅगनच्या हाडाची मूठ.

कट्यार कोणाची हे विचारण्यासाठी कॅटलिन गुप्तपणे राजधानीला जाते. तेथे तिला भेटतो पीटर बेलिश, ज्याला सारे लिटलफिंगर म्हणतात. तो बालपणी तिच्या माहेरी वाढलेला, तिच्यावर प्रेम करणारा, आता राजाचा खजिनदार. तो म्हणतो, ही कट्यार माझीच होती. राजपुत्राच्या वाढदिवशी घोडेस्वारांची भाल्यांची झुंज झाली, तेव्हा जेमीवर मी पैज लावली आणि हरलो. कट्यार जिंकली टिरियनने.

झाले! वाटेतल्या एका सरायीत कॅटलिन टिरियनला पकडते आणि बहिणीकडे नेते. मुलगा पकडला गेला म्हणून लॅनिस्टरांचा बाप सैन्य घेऊन कॅटलिनच्याच माहेरच्या मुलखावर चालून जातो. शेते जळतात, गावे ओस पडतात. पुढे नेडचा शिरच्छेद होतो, थोरला मुलगा आणि स्वतः कॅटलिन एका लग्नाच्या मांडवात दग्याने मारली जातात.

आता आपण शांतपणे बसून, तांदूळ निवडावेत तशी ही हकीकत निवडू या.

लिटलफिंगरच्या उत्तरात खडा लगेच हाताला लागतो. जेमी हरला म्हणून टिरियनने कट्यार जिंकली, याचा अर्थ टिरियनने सख्ख्या भावाविरुद्ध पैज लावली असली पाहिजे. टिरियन स्वतः कॅटलिनला सांगतो की, मी आपल्या घरच्या माणसाविरुद्ध कधीच पैज लावत नाही. हे तिच्या कानावर पडते. पण तोवर माणूस पकडून झालेला असतो. दुसऱ्या खंडात कैदेतला जेमी तिला खरे सांगतो: ती कट्यार राजा रॉबर्टने जिंकली होती, आणि त्याच रात्री मेजवानीत मला हिणवण्यासाठी दाखवलीही होती. म्हणजे कट्यार राजाच्या सामानात होती, आणि राजाचे सामान विंटरफेलला आले होते.

मग ती उचलली कोणी? तिसऱ्या खंडात, म्हणजे २००० साली, याचा उलगडा होतो, आणि तोही दोन निरनिराळ्या बाजूंनी. सर्सी जेमीला सांगते की, त्या दिवसांत दारूच्या नशेत रॉबर्ट बोलून गेला होता: कुत्रे जायबंदी झाले तर आपण त्याला सोडवतो, मग या लेकराला असे तडफडत का ठेवावे? तेथे ऐकायला कोण होते? घरचीच मुले. त्यांत थोरला राजपुत्र जॉफ्री. इकडे टिरियनला दुसराच धागा सापडतो. जॉफ्रीच्या लग्नाच्या दिवशी त्याला व्हॅलिरियन पोलादाची तलवार भेट मिळते. कोणी जपून धरण्यास सांगतो, तेव्हा तो फुशारकीने म्हणतो की, हे पोलाद मला नवे नाही. टिरियनच्या डोक्यात तत्क्षणी प्रकाश पडतो. बापाची शाबासकी मिळावी म्हणून हपापलेल्या, जात्याच क्रूर अशा पोराने तो हुकूम दिला होता.

आणि सगळे जुळते. शहाणा कारस्थानी फाटक्या माणसाच्या हाती राजघराण्यातली कट्यार देईल का? ते काम पोराचेच. साऱ्यांनी मोठे कारस्थान शोधले. होता तो पोरखेळ. लिटलफिंगरने हा हल्ला घडवला नव्हता. आयती चालून आलेली कट्यार त्याने एका खोट्या वाक्याने हवी तिकडे वळवली, एवढेच.

आता जॉन अ‍ॅरिनचे मरण. येथे संशयित पुष्कळ. राजाचा हेरप्रमुख व्हॅरिस म्हणतो की, प्रधानाला ‘लिसचे अश्रू’ नावाचे, पाण्यासारखे स्वच्छ विष दिले गेले, आणि तो त्याच्या तरुण सेवकाकडे, सर ह्यूकडे, बोट दाखवतो. ह्यू झुंजीत मारला गेलेला, त्यामुळे तो तोंड उघडणार नाही. राजवैद्य पायसेल कबूल करतो की, दुसरा वैद्य उपचार करीत असता मी त्याला दूर केले आणि प्रधानाला मरू दिले. का? तर राणीच्या मनात तसे असावे, असे त्याला वाटले. राणीने तोंडाने काहीच सांगितलेले नव्हते.

खरे उत्तर येते तिसऱ्या खंडाच्या अखेरीस. उंच डोंगरावरच्या आपल्या गडात, खोल दरीवर उघडणाऱ्या दारापाशी उभी राहून लायसाच मत्सराच्या भरात ओरडून सांगते: पीटर, तुझ्याच सांगण्यावरून मी नवऱ्याच्या मद्यात ते अश्रू घातले, तुझ्याच सांगण्यावरून ताईला पत्र लिहिले! पुढच्याच क्षणी पीटर तिला त्या दरीत ढकलून देतो, आणि आळ घेतो तेथे हजर असलेल्या एका गवयावर. मालिकेत त्याला शेवटी, २०१७ च्या सातव्या पर्वात, शिक्षा होते. पुस्तकांत मात्र पाचवा खंड संपला तरी तो जिवंतच आहे.

या तीन हुकमांकडे पाहा. एक हुकूम कुजबुजून दिला गेला. दुसरा कोणी दिलाच नव्हता; वैद्याने तो राणीच्या डोळ्यांत वाचला. तिसरा हा हुकूमच नव्हता, दारूच्या नशेतले बोलणे होते, आणि एका मुलाने ते अमलात आणले. शेवटचा मला सर्वांत भयंकर वाटतो. घरातले मोठे माणूस रागात किंवा विनोदात बोलून जाते, आणि कोपऱ्यातले मूल ते मनावर घेते. रॉबर्टला स्वतःला मरेपर्यंत याची वार्ताही नव्हती.

कॅटलिन मूर्ख होती का? मुळीच नाही. ती धीट, कर्तबगार, मायाळू आहे. पण तिने एकाच प्रश्नाचे उत्तर एकाच माणसाकडून घेतले, आणि ते पडताळले नाही. नेडने तरी काय केले? कट्यार हाती, ती ज्याने जिंकली तो राजा बालमित्र, रोजची भेट. ‘ही तुझी का रे?’ एवढे एक वाक्य विचारले असते तर लिटलफिंगरची थाप तिथेच उघडी पडली असती. पण सारे गुप्त ठेवायचे ठरले होते. खोट्याला गुप्ततेइतके सुरक्षित घर दुसरे नाही, हे लिटलफिंगर जाणून होता.

लायसाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण बायकांच्या सभेत तिला केवळ कुलटा, पतिघातकी म्हणून सोडून देणे मला बरे वाटत नाही. मुलगी असताना तिला पीटरपासून दिवस गेले, तेव्हा बापाने तिला काढा पाजून ते मूल पाडायला लावले, आणि आपल्याहूनही वयस्क अशा जॉन अ‍ॅरिनशी तिचे लग्न लावले. पुढे मुले पोटातच गेली. एक अशक्त मुलगा जगला, तर नवरा त्यालाही दुसऱ्याच्या घरी वाढवायला पाठवू लागला. तिने केले ते पापच. पण तिच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय दुसऱ्यांनी घेतला होता, आणि तिने घेतलेला एकमेव निर्णयही दुसऱ्याच्याच शिकवणीने झाला. ज्या घरात मुलीला मोकळेपणी बोलता येत नाही, त्या घरात कुजबुजणाऱ्याचे फावते.

हे सारे परमुलखातले, काल्पनिक, असे कोणी म्हणेल. पण हुकमाचा शोध आपल्याला नवा नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरले. तरी लोकांच्या तोंडी राहिले ते ‘ध चा मा’, आणि ते आनंदीबाईंच्या नावावर. कागदावरचे ते अक्षर त्यांनीच बदलले, ही परंपरेची गोष्ट आहे, सिद्ध झालेली नाही. पण म्हण होऊन बसलेला आरोप कोण पुसणार?

म्हणून मैत्रिणींनो, मला एवढेच सांगावयाचे आहे. कोणाविषयी काही वाईट कानावर आले की, ‘हे कोणी केले?’ असे विचारण्याआधी ‘हे मला कोण सांगते आहे, आणि का?’ असे विचारावे. सांगणारा जितका जवळचा, तितके जपून विचारावे. ज्याच्यावर आळ आला, त्याचेही म्हणणे ऐकावे, आणि ते त्याला पकडण्यापूर्वी ऐकावे. आणि आपल्या तोंडून निघालेला शब्द घरातले कोणते मूल ऐकत आहे, याकडे लक्ष असावे.

आपल्या मंडळात दुपारी चार बायका जमतात, चार गोष्टी निघतात. त्या निघाव्यातच. फक्त एखादी गोष्ट मंडळाच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी आपल्यातल्या एकीने तरी ‘ही कट्यार खरोखर कोणाची?’ असे विचारले, तर आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.